पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

बचत गटाची अध्यक्ष कशी आहे हे महिला दिनाच्या स्टेजवर कळत नाही. ती लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने पुण्याला गेली आणि तरी बैठक ठरल्या तारखेला झाली, वही लिहिली गेली, हप्ते जमा झाले, तर ती खरी अध्यक्ष. बाई गावाला गेली की पेटीला कुलूप आणि गट बंद, असं असेल तर तो बचत गट नव्हे, त्या बाईचं दुकान आहे. शब्द कडक आहेत, पण मी ते विचार करूनच लिहितो आहे.

पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, अद्ययावत लिखाण. गट बुडतो तो बहुतेक वेळा पाचव्या सूत्रात, आणि कारण एकच. लिखाण बैठकीत होत नाही. वही कुणाच्या तरी घरी जाते, महिन्याभराच्या नोंदी एका रात्रीत होतात, हजेरीच्या रकान्यात सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने पडतात. चोरी झालेली असेलच असं नाही. पण उद्या कुणी शंका घेतली तर प्रामाणिक बाईकडेही दाखवायला काही उरत नाही.

म्हणून रोकड वही सगळ्यांच्या समोर, मोठ्याने वाचून बंद करायची. समजा मागची शिल्लक ३४० रुपये. बारा बायांची शंभरप्रमाणे बचत १२००, कर्जाचे हप्ते १५००, व्याज २१०. एकूण ३२५०. त्यातून एकीला ३००० कर्ज दिलं, शिल्लक २५०. आता पेटीतल्या नोटा गोलाच्या मध्ये ठेवायच्या आणि जिला लिहिता-वाचता येत नाही तिच्याकडूनच मोजून घ्यायच्या. अक्षर येत नसलं तरी नोट ओळखता येते. तिने 'अडीचशे' म्हटलं आणि वहीतही २५० निघाले, की मगच सह्या आणि अंगठे. या कामाला जेमतेम दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचवायला गेलेले गट पुढे वर्षभर भांडत बसतात.

व्याजाचा हिशेब हा दुसरा खड्डा. ५००० रुपयांचं कर्ज, महिना दोन टक्के, दहा हप्ते पाचशेचे. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ९०, असं उतरत जाऊन शेवटी १०, एकूण ५५०. तेच दर महिन्याला मूळ ५००० वर धरलं तर १०००. म्हणजे साडेचारशे रुपये जास्त, आणि तेही गटातल्या सगळ्यात गरजू बाईच्या पदरातून. बऱ्याच ठिकाणी हे लबाडीने होत नाही. लिहिणारीला सोपं जातं म्हणून होतं. कर्ज देतानाच दहाही हप्त्यांचे आकडे तिच्या पासबुकात लिहून द्यावेत. आणि ते पासबुक तिच्याच घरी राहावं, अध्यक्षीणबाईंच्या कपाटात नको.

पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, बँकेचं पासबुक तिसरीकडे. यात अविश्वास नाही. उलट ज्या बाईच्या हातात सगळं असतं, तिच्यावरच गाव पहिल्यांदा बोट दाखवतं. तिला त्या बोलण्यातून सोडवणारी ही व्यवस्था आहे. बँकेत तिघींपैकी दोघींच्या सह्या लागत असतील, तर कोऱ्या स्लिपवर सही करून ठेवायची नाही. 'मला शेतात जायचंय, तू काढून आण' हे वाक्य फार महागात पडतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दुसरीच्या नावावर उचल. 'मावशी, तुमच्या नावावर घेते, हप्ता मी भरते' म्हणायचं आणि सहीच्या बदल्यात पाचशे रुपये हातावर टेकवायचे. हप्ता थकला की वसुलीवाला मावशीच्या दारात उभा राहतो. कर्ज गटाच्या नावावर असेल, तर बाकीच्या अकराजणींचं पुढचं कर्जही अडतं. यासाठी एकच नियम: कर्ज जिच्या कामाला, तिच्याच नावाला, आणि काम काय ते ठराव वहीत लिहायचं. शेळी असेल तर शेळी, बियाणं असेल तर बियाणं. अध्यक्षीणबाईंना स्वतःला कर्ज हवं असेल, तर तो अर्ज सचिवाने वाचावा आणि त्यावर बोलणं होईपर्यंत अध्यक्षीणबाईंनी बाजूला बसावं.

आपल्याकडची एक अडचण पुस्तकातल्या नियमात बसत नाही. बीड-धाराशिवच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, बाहेर पडतात आणि निम्मा गट चार-सहा महिने उसाच्या फडावर असतो. मग एक तर खोटी हजेरी लागते, नाही तर दंड साचत जाऊन बाई परत आल्यावर गटच सोडते. दोन्ही चूक. निघण्यापूर्वीच्या बैठकीत ठराव घ्यावा: या महिन्यांची बचत परतल्यावर, दंड नाही, हजेरीत 'स्थलांतर' अशी नोंद. गावात राहणाऱ्या बायांचे मोठे हप्ते सोयाबीन विकलं जातं तेव्हाचे ठेवावेत, पेरणीच्या जूनमध्ये नाहीत. ज्या अध्यक्षेला आपल्या बायांचं वर्ष कसं जातं हे ठाऊक आहे, तिच्या गटाला वसुलीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

बायांनी कारभार हाती घेणं मराठवाड्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांमध्ये बाया संवाद सहाय्यक म्हणून उभ्या राहिल्या. घरबांधणीची माहिती दारोदार पोचवली, कामावर लक्ष ठेवलं, अधिकाऱ्यांशी समोरासमोर बोलल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना बळ दिलं आणि घरं उभी राहिल्यावरही हे काम थांबलं नाही. बचत, आरोग्य, शेती असं पुढे गेलं. माणसं तयार झाली होती, म्हणून ते गेलं.

माणसं तयार करणं म्हणजे काय, तर लिहिणाऱ्या दोघी हव्यात. बारावी झालेली मुलगी लिखाण करते, तिचं लग्न होतं आणि वही थांबते, हे इतक्या गावांत घडतं की ते गृहीतच धरावं. पहिली लिहीत असताना दुसरीने शेजारी बसून बेरीज करावी, आणि दर तिसऱ्या महिन्याला जागा बदलावी.

दोन-तीन वर्षांनी पद सोडायचं ठरवलं, की नुसत्या टाळ्या वाजवून भागत नाही. पेटी, किल्ली, शिक्का, चेकबुक, पासबुक, सगळ्या वह्या मोजून यादी करायची आणि बारा जणींच्या सह्या घ्यायच्या. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत आणि नव्या बायांचे आधार, पॅन, फोटो लागतात; एका फेरीत काम होईलच असं नाही. जुन्या अध्यक्षेने नवीला बरोबर घेऊन जावं, काउंटरवर तिची ओळख करून द्यावी, पहिल्या बैठकीत वही तिलाच वाचू द्यावी. बेरीज चुकली तरी लगेच हातातून ओढून घेऊ नये. नोटा मोजणारी मावशी सांगेल.