बुरानची धाकटी भावंडं

बुरान म्हणजे सोव्हिएत युनियनचं स्पेस शटल. त्याचं टेस्टिंगचं विमान जर्मनीतल्या श्पायरच्या म्युझियमने विकत घेतलं हे ठीक, पण खरी गंमत त्याच्यासाठी उडवलेल्या छोट्या मॉडेलांची आहे राव. बोर-५ म्हणजे बुरानचं १:८ मापाचं पिल्लू, रॉकेटने वर सोडायचे आणि खाली येताना हवेत कसं वागतं ते बघायचे, त्यातलं एक त्याच म्युझियममध्ये ठेवलंय. आणि बोर-४, म्हणजे स्पायरल नावाच्या आधीच्या सोव्हिएत अवकाशविमानाचं छोटं मॉडेल, १९८३ मध्ये हिंदी महासागरात उतरलं तेव्हा सोव्हिएत जहाज ते उचलून घेत असताना ऑस्ट्रेलियाच्या विमानाने वरून धडाधड फोटो काढले, त्यावरून नासाने स्वतःचं मॉडेल बनवून थेट विंड टनेलमध्ये (जोराच्या वाऱ्यात मॉडेल तपासायच्या बोगद्यात) टाकलं, मेहनत एकाची आणि कॉपी दुसऱ्याची 😄 मोठं विमान मात्र बहरीनमध्ये धूळ खात पडलेलं, २००८ मध्ये बार्जवर चढवून ऱ्हाईन नदीतून आणलं बिचाऱ्याला.