हात वर झाले, हिशेब राहिला

आज सोसायटीच्या वार्षिक सभेतून आले ती डोकं तापूनच. विषय काय, तर तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी जौनपूरची पोरं. 'यापुढे परप्रांतीयांना जागा भाड्याने द्यायची नाही' असा ठराव. सेक्रेटरी म्हणाले, "लोकशाही पद्धतीनेच करू ना, हात वर करा." पटापट हात वर. त्या पोरांपैकी एकजण डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून लिफ्टपाशीच उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

खरा संताप पुढे आला. ताळेबंद वाचला गेला. लिफ्टची दुरुस्ती दोन वेळा दाखवलीय, लिफ्ट अजून बंदच पडते. मी सोडून कोणी तोंड उघडलं नाही. "मंजूर, मंजूर" आणि समोसे.

बाहेरच्यावर राग काढला की आपल्याला वाटतं, कारभार आपल्या हातात आला. प्रत्यक्षात जाब विचारायचं आपण तिथेच सोडून देतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं 227 वॉर्डांत एक नगरसेवक नाही, सगळं प्रशासकाच्या हाती. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना यांचा वाद कोर्टात होता, मान्य. पण त्या काळात भय्यांवर किती पोस्टी टाकल्यात आणि निवडणुकीवर किती?

ठराव मांडणारे काका जिना उतरताना म्हणाले, "या देशाला हुकूमशहाच पाहिजे." मला नवल वाटलं नाही. शेजाऱ्याचा हक्क हात वर करून काढून घेता येतो हे एकदा पटलं की कोर्ट, कायदा, निवडणूक ही सगळी अडगळच वाटणार. देशात कुठेही राहायचा हक्क नागरिकाला घटनेच्या कलम 19 ने दिलाय. तो काय आमच्या सभेच्या मर्जीवर आहे?

समोरच्या वहिनींचाही हात वर होता. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. मुलाला भांडुपात घर परवडलं नाही, तो बदलापूरला गेला. नातवाला बघायचं तर रविवारची वाट बघायची. त्यांचं दुःख खरं आहे. पण वहिनी, इथले भाव त्या पोरांनी वाढवले का हो? एका खोलीत दाटीवाटीने झोपतात ती. साठच्या दशकात दाक्षिणात्यांना झोडपलं, 2008 ला उत्तर भारतीयांना. त्यातून आपल्या किती पोरांना घर मिळालं?

मासे खाता म्हणून मराठी माणसाला या शहरात घर नाकारतात, तेव्हा आपण चिडतो. चिडायलाच हवं! मग आज आपण वेगळं काय केलं?

आता नगरसेवक निवडून आलेत. तुमच्या वॉर्डाचा कोण आणि त्याला शेवटचा जाब कशाबद्दल विचारलात, तेवढं कमेंटमध्ये लिहा. भय्यांवरचे फॉरवर्ड मला पाठवू नका.