‘मेंढरं हाकली’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या वास्तू चालत दाखवणारा वॉक मी घेतो. गेल्या रविवारच्या वॉकवर एक प्रतिक्रिया आली आहे. खाली नाव नाही. मजकूर असा: “३८ माणसं मेंढरांसारखी हाकली. मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली इतरांना चालायला वाट उरली नाही. ५०० रुपये कशाचे?”

नमस्कार. मेंढरं सकाळी सातला, आगाऊ पैसे भरून, फ्लोरा फाउंटनला येत नाहीत. आलेल्या ३८ जणांत तुम्हीही होतात, हे लिहिताना विसरलात बहुधा. टीका जरूर करा, पण शेजारी चालणाऱ्या माणसांना जनावरं ठरवून कसली टीका?

एक गोष्ट मान्य. निघायला १२ मिनिटं उशीर झाला. ती चूक माझी.

आता ‘ऐकू येत नव्हतं’. ऐकू येणं हे माणसं किती आहेत यापेक्षा ती कुठे आणि कशी उभी आहेत यावर ठरतं. एशियाटिक सोसायटीच्या इमारतीसमोरच्या ३० पायऱ्यांवर लोकांना बसवलं आणि बोलणारा खाली उभा राहिला, तर ४० जणांनाही माइकशिवाय ऐकू जातं, कारण प्रत्येक रांग पुढच्या रांगेच्या डोक्यावरून बघते. (प्री-वेडिंगवाले पायऱ्या अडवून बसले नसतील तर.) हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली नेमकं उलट होतं. दगडी छत आवाज परत फेकतं, खांब मध्ये येतात, आणि कमरेचा स्पीकर मोठा केला की शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून तिथे स्पीकर बंद करायचा, तीन रांगांचं अर्धवर्तुळ करायचं, बुटके पुढे. कमानींच्या माथ्यावरचे कोरीव चेहरे दाखवायचे तर समोर बागेच्या कठड्यालगत जायचं. खाली उभं राहून ते दिसतच नाहीत. सेंट थॉमसला रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून १७१८ च्या त्या चर्चबद्दल आपण बाहेर आणि हळू आवाजात बोलतो. तिथे मागच्याला कमी ऐकू येणारच.

खरी गडबड थांब्यावर होत नाही, दोन थांब्यांच्या मधे होते. ३८ जण दोन-दोनच्या जोडीने चालले की १९ जोड्या होतात, म्हणजे रांग साधारण २५ मीटर. फ्लोरा फाउंटनचा रस्ता ओलांडताना पुढचे पार होतात आणि मागच्यांना पुढच्या सिग्नलपर्यंत थांबावं लागतं. रविवारी गाड्या कमी असतात, पण ज्या असतात त्या सुसाट, त्यामुळे ‘चला, पटकन धावा’ म्हणता येत नाही. अशा वेळी शेपटाला एक स्वयंसेवक हवा, आणि त्याचा हात वर झाल्याशिवाय पुढे बोलायला सुरुवात करायची नाही. हे मी ११ वर्षं पाळतोय. त्या दिवशी शेपटाला माणूस होता. मी दोनदा त्याचा हात वर व्हायच्या आत सुरुवात केली असेन, एवढंच.

३८ का, तर यादीत ४० घेतो, कारण दर वेळी दहा-बारा जण गजर बंद करून झोपतात. या वेळी दोघेच झोपले. यादी २५ वर थांबवली तर पंधराच येतात, आणि तेवढ्यात दोन स्वयंसेवकांचा खर्चही निघत नाही. कानात घालायचे रिसीव्हर द्या, असंही कोणी सुचवेल. ते वाटायला आणि मोजून परत घ्यायला वेळ जातो, आणि एखाद्याची बॅटरी गेली की तो माणूस पूर्ण वॉकभर बहिरा, स्पीकरवर ऐकणाऱ्यापेक्षाही.

कमानींखाली वाट अडली म्हणता. तिथे आपण चार मिनिटं होतो. चार. १८७२ पासून उभ्या असलेल्या त्या कमानींनी याहून मोठ्या गर्द्या पाहिल्या आहेत.

५०० रुपयांचा आकडा नोंदणीच्या वेळीच दिसतो. पटत नसेल तर भरू नये.

पुढच्या वेळी आलात तर पहिल्या पाच जोड्यांत चाला, आणि प्रतिक्रियेखाली नाव लिहा. म्हणजे यादीत बघून तुम्ही त्या दिवशी किती वाजता पोचलात तेही मला सांगता येईल.