ठिणगी मोठी होत नाही
मज्जापेशींच्या (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींच्या) कामावरचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण त्यातलं 'जोरात चिमटा काढला की मज्जापेशीतून मोठा विद्युत संदेश जातो' हे वाक्य खटकलं. संदेश लहान-मोठा होत नसतो. शांत पेशीच्या आत बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. ते उणे ५५ च्या आसपास आले की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं उघडू लागतात, आत शिरलेलं सोडियम आणखी दारं उघडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आतली बाजू अधिक (+) ३०-४० मिलिव्होल्टपर्यंत चढते. उंबरठा ओलांडला तर पूर्ण संदेश, नाहीतर काहीच नाही! चिमटा जोराचा असला तर तेच संदेश भराभर, एकामागून एक सुटतात, आणि जास्त पेशी कामाला लागतात. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर मोजमापं करून सोडियमच्या दारांचा हा खेळ १९५२ मध्ये उलगडून दाखवला, त्यांचा उल्लेख लेखात हवाच होता.

परवा आईची दाढ काढली. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिल्यावर ओठ इतका बधिर, की चूळ भरताना पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि तिला पत्ता नाही. ते औषध सोडियमची हीच दारं अडवतं, मग संदेशच सुटत नाही.