प्रशिक्षकाला नारळ देण्याची योग्य पद्धत

आपण एखाद्या फुटबॉल क्लबाचे अध्यक्ष असाल, संघ लागोपाठ हरत असेल आणि लोक आता तुमच्याकडे बघायला लागले असतील, तर घाबरू नका. अशा वेळेसाठीच प्रशिक्षक नावाचा माणूस नेमलेला असतो. आमच्या तालुक्याच्या क्लबाने नुकतंच हे काम इतक्या सफाईने उरकलं, की जिल्ह्यात बाकी क्लब असतील नसतील तेवढ्यांनी धडा घ्यावा.

आधी विश्वास जाहीर करा. "सरांवर कमिटीचा पूर्ण विश्वास आहे" हे चारचौघांत म्हटलं गेलं की सरांनी समजून घ्यावं आणि पिशवी भरायला घ्यावी. मँचेस्टर युनायटेडने 2024 च्या जुलैत प्रशिक्षक टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना घरी पाठवलं. एवढी मोठी माणसं करतात, ते चूक कसं असेल?

मग घाई करा. प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांनी 2025 च्या मेमध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, जूनमध्ये त्यांना काढलं. सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्टने नेमलं आणि 39 दिवसांनी, चेल्सीकडून 3-0 हरल्यावर, शेवटच्या शिट्टीनंतर 18 मिनिटांत मोकळं केलं. आमच्या कमिटीच्या बैठकीत तेवढ्या वेळात चहासुद्धा येत नाही.

जुनं यश विसरा. लेस्टरने 2016 साली इंग्लंडची लीग जिंकली, त्यावर सट्टेवाले एकास पाच हजार भाव देत होते. पुढच्या फेब्रुवारीत प्रशिक्षक रानिएरींना नारळ.

प्रशिक्षक फर्ग्युसनचं नाव कोणी काढलंच तर विषय बदला. तो माणूस 1986 ला युनायटेडमध्ये आला, पहिला चषक 1990 ला आणि लीग थेट 1993 ला. आमच्या अध्यक्षांची, म्हणजे अण्णांची, रावेरकडे केळी आहे. कंद लावला की घडासाठी वर्षभर गुमान थांबतात, तिसऱ्या महिन्यात बाग उपटत नाहीत. पोरांच्या संघाला मात्र चार सामन्यांत फळ धरायला हवं!

काढल्यानंतर संघ एखादा सामना जिंकतोच, तेव्हा सत्कार स्वीकारायला तयार राहा. हॉलंडच्या लीगचा अभ्यास करून एका अर्थतज्ज्ञाने दाखवलंय, की तितकीच वाईट घसरण झालेल्या आणि प्रशिक्षक न बदललेल्या संघांचीही गाडी तशीच रुळावर येते. हे कमिटीला सांगू नका. नशीब फिरतं, जखमी पोरं बरी होतात, श्रेय मात्र अध्यक्षांचं.

आता मुख्य मुद्दा, त्या माणसाला सांगायचं कसं. आमच्याकडची पद्धत सर्वोत्तम. सांगायचंच नाही. बैठकीत एकाने "काढी टाका त्याले" म्हटलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि रात्री सरांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. झालं काम. ग्रुपवर लगेच फुलांचे गुच्छ आणि 'योग्य निर्णय, अण्णा'. सरांना वाटलं, फोन बिघडला. सकाळी सहाला माणूस नेहमीप्रमाणे सायकलच्या कॅरियरला चुन्याची पिशवी बांधून मैदानावर हजर. रेषा आखून झाल्या, तरी कुणाची तोंड उघडायची छाती नाही. शेवटी सांगितलं कोणी? उजवी बाजू राखणाऱ्या बारा वर्षांच्या राइट बॅकने. "सर, तुम्हाले काढलं म्हणे." रात्रभर शहाणपण पाजळणारे कमिटीवाले तेव्हा कुठे होते? गोदडीत!

आणि हरलो कशामुळे, हे विचारण्याची सोय नाही. नवरात्रात मैदान गरब्याला भाड्याने दिलं, मंडपाच्या बल्ल्यांचे खड्डे अजून पेनल्टी बॉक्समध्ये तसेच. गोलकीपरचा पाय त्यातच मुरगळला. दुसरा कीपर नाही, कारण हातमोज्यांचा जोड एकच, तोही सरांनी पदरचे पैसे घालून आणलेला. एका गोलाला जाळी नाही, चेंडू गेला की पोरं नाल्यापर्यंत पळतात. मैदानाचं भाडं कुठे गेलं? फलकावर गेलं. तिथे अण्णांचा हात जोडलेला फोटो आहे, गोलपोस्टपेक्षा मोठा.

पुरे झाली ही उपरोधाची भाषा. अरे, युरोपातले मालक निदान काढल्यावर उरलेल्या कराराचे पैसे मोजतात. तुम्ही रात्री साडेबाराला मोबाइलवर मॅच बघून त्यांची फक्त मग्रुरी उचललीत. चार महिन्यांचं मानधन थकवून माणूस हाकलता आणि त्याला शिस्त म्हणता? तुमच्यापैकी एकाने तरी या वर्षी सराव बघितलाय का? एकाला तरी त्या राइट बॅकचं नाव माहीत आहे का? नवा प्रशिक्षक म्हणून अण्णांच्या साडूचा मुलगा येतोय असं कानावर आहे. येऊ द्या. पण आधी खड्डे बुजवा, जाळी लावा, आणि सरांचे पैसे त्यांच्या घरी जाऊन, सगळ्या कमिटीने मिळून द्या.