दोनशे तीस व्होल्टचा परदेश

साताऱ्यात एखादे कुटुंब मॉरिशसला निघाले, तर त्याला समुद्राविषयी कोणी काही विचारत नाही. विचारतात ते विजेविषयी. आमची तिकिटे आल्याची बातमी फुटताच, मुलगा अमेरिकेत असल्यामुळे सगळ्याच परदेशांचा अधिकार ज्यांच्याकडे आपोआप आलेला आहे, त्या शेजारच्या काकांनी ट्रान्सफॉर्मर सोबत नेण्याचा सल्ला दिला. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, हे काकांचे ज्ञान खरेच आहे. आपली किटली तेथे लावली तर तिची ताकद जेमतेम चौथ्या हिश्श्यावर येते आणि चहा होईपर्यंत पाहुणा उठून जातो. मॉरिशसमध्ये मात्र आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज आहे. बदलते ते फक्त भिंतीतले भोक. हे मी घरात, गल्लीत आणि फोनवर सांगून थकलो, पण कोणाचा विश्वास बसला नाही. एवढा खर्च करून जायचे आणि व्होल्टेज मात्र इथलेच, हे लोकांना पटण्यासारखे नव्हते.

या भोकाची कथाही न्यारी आहे. आपला तीन गोल पिनांचा प्लग मूळचा इंग्रजांचाच. १९४७ साली त्यांनी आपला देश सोडला आणि त्याच वर्षी स्वतःच्या घरांसाठी तीन चपट्या पिनांचा, पोटात फ्यूज बाळगणारा नवा प्लग ठरवला. जुना आपण आजतागायत निष्ठेने सांभाळत आहोत. मॉरिशसवर आधी फ्रेंचांनी आणि मग १९६८ पर्यंत इंग्रजांनी राज्य केले, त्यामुळे तेथे चपट्या पिनांची इंग्रजी सॉकेटे आणि दोन गोल भोकांची युरोपीय सॉकेटे एकाच भिंतीवर सुखाने नांदतात. आपला तीन पिनांचा प्लग तेवढा दोन्हीकडे परका ठरतो.

पोवई नाक्यावरच्या दुकानदाराने अडॅप्टर काढून दिला आणि "ह्यात सगळं जग बसतंय बघा," असे बजावले. अडॅप्टर केवळ आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे मी मामांना समजावू लागलो. मामा निवृत्त वायरमन असल्याने त्यांना काही समजावणे हा स्वतंत्र पराक्रम आहे. मोबाइलच्या चार्जरवर मुंगीच्या अक्षरात '१००–२४०' असे छापलेले असते आणि एवढे वाचले की काळजी मिटते, हे मी भिंगातून दाखवले. त्यावर मामा म्हणाले, "आरं, अडॅप्टर कशाला? त्या सॉकेटात वरच्या भोकात पेन सारायचं, खालची दोन आपोआप उघडत्यात." तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबर होते. त्या सॉकेटातील पडदे अर्थिंगची लांब पिन आत गेल्यावरच सरकतात, ते लहान मुलांनी काहीबाही खुपसू नये म्हणून. आणि नेमके तेच काम करायला साठी ओलांडलेला माणूस मला सांगत होता. पेन काढून घेतल्याविना मी त्यांना सोडले नाही.

आईचा आग्रह किटलीचा होता. तिची किटली १५०० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर खाणारी. आमचा एक्स्टेंशन बोर्ड सहा अँपिअरचा. एका अडॅप्टरवर घरचा बोर्ड लावून सगळ्यांचे मोबाइल चार्ज करावेत, ही युक्ती उत्तम. पण त्याच बोर्डावर किटली चढवली तर चहाआधी बोर्डच उकळेल. हा गुणाकार आईने शांतपणे ऐकला आणि किटली माझ्या शर्टांत गुंडाळून बॅगेत ठेवली.

हॉटेलच्या खोलीत पोहोचलो तर टेबलावर हॉटेलचीच किटली हजर. पलंगाशेजारी दोन गोल भोकांचे सॉकेट होते आणि त्यात आमचे दोन पिनांचे मोबाइल चार्जर कसलीही कुरकुर न करता बसले. अडॅप्टर केवळ माझ्या लॅपटॉपच्या कामी आला. संध्याकाळी मामांचा फोन आला. समुद्र कसा आहे, हे त्यांनी विचारले नाही.

"व्होल्टेज किती हाय?"

"दोनशे तीस, मामा. आपल्यासारखंच."

"आपल्यासारखं कसलं? इथं सकाळधरनं लाईट न्हाई. माझा मोबाइल आता बंद पडंल, ऱ्हायलेलं आल्यावर सांग."