क्रूझचं भाडं नंतर बघा, आधी तारीख बघा

बडोद्यात सध्या क्रूझची साथ आली आहे. कारेलीबागेतल्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपपासून दांडिया बाजारातल्या ज्येष्ठ मंडळींपर्यंत जो तो जहाजावर निघालाय. कुणी सिंगापूरहून पेनांग-फुकेत, कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचं थेट अलास्का. मी बँकेत परकीय चलन खात्यात होते, त्यामुळे निवृत्त झाले तरी लोक कोटेशनचे फोटो मला धाडतात. "ताई, रेट बरोबर आहे का बघा ना जरा." रेट बहुतेक वेळा बरोबरच असतो. पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतील, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर एजंटकडून ठरलेलं उत्तर येतं: "बेन, चिंता ना करो, बधुं थई जशे." म्हणजे सगळं होऊन जाईल.

काही होत नाही हो. छापलेलं असतं तेवढंच होतं.

माझं स्पष्ट मत आहे की घरात सत्तरीच्या पुढची माणसं असतील, व्हिसा अजून हातात नसेल, आणि चार घरं मिळून जाणार असतील, तर नॉन-रिफंडेबल, म्हणजे रद्द केल्यास परत न मिळणाऱ्या, डिपॉझिटचा स्वस्त दर घेऊच नये. कितीही स्वस्त असला तरी. का, ते सांगते.

क्रूझचे पैसे दोन टप्प्यांत जातात. आधी डिपॉझिट, मग उरलेली सगळी रक्कम, म्हणजे फायनल पेमेंट. आपलं सगळं लक्ष डिपॉझिटवर, कारण ते आज खिशातून जातं. खरी कडी लागते ती फायनल पेमेंटच्या तारखेला. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या कंपनीत चार रात्रींपर्यंतच्या सफरीला ही तारीख साधारण 75 दिवस आधी असते, पाच रात्री आणि त्याहून मोठ्या सफरीला 90 दिवस आधी. रेल्वेचं तिकीट रद्द करताना आपण तास मोजतो, इथे महिने मोजायचे. दिवाळीच्या सफरीचा निर्णय श्रावण सुरू व्हायच्या आत पक्का झालेला असायला हवा. आणि आपल्याकडे तर रजा मंजूर झाली की नाही हे गणपतीतसुद्धा नक्की नसतं.

त्या तारखेच्या आधी रद्द केलं आणि डिपॉझिट रिफंडेबल असलं, तर सगळे पैसे परत. तारीख उलटली की मात्र शिडी उतरत जाते: पाच रात्री आणि त्याहून मोठ्या सफरीला आधी 25 टक्के कापतात, मग 50, मग 75, आणि शेवटच्या महिन्यात 100. हे टक्के डिपॉझिटचे नाहीत, पूर्ण भाड्याचे आहेत. शिकलेसवरलेले लोक इथे हमखास गफलत करतात. "पन्नास टक्के म्हणजे डिपॉझिटचे अर्धे ना?" असं मला एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं. नाही सर. दोन लाखांच्या भाड्याचे एक लाख.

एक दिलासा आहे, तोही फार कोणी मागून घेत नाही. बंदराचे कर आणि शुल्क हा भाग भाड्यात धरत नाहीत. तुम्ही जहाजावर चढलाच नाहीत तर कंपनीला ते कुठल्या बंदरात भरावे लागत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी रद्द केलं तरी ते सहसा परत येतात. आगाऊ भरलेली टिपही तशीच. एजंटकडून बुकिंग असेल तर हे पैसे त्याच्याकडे येऊन थांबतात, आणि तो आपण होऊन फोन करेलच असं नाही. तेव्हा मागा.

आता नॉन-रिफंडेबल. यात दर थोडा कमी असतो आणि डिपॉझिट पहिल्या दिवसापासून कंपनीचं. उद्या सकाळी विचार बदलला तरी गेलं. काही कंपन्या शुल्क कापून उरलेल्याचं पुढच्या सफरीसाठी क्रेडिट देतात, रोख नाही. तारीख किंवा जहाज बदलायचं तर बदल-शुल्क वेगळं. रॉयल कॅरिबियनच्या नियमात ते माणशी 100 डॉलर आहे. माणशी, हं. केबिनमागे नाही. तिथल्या मोठ्या स्वीटला, म्हणजे ऐसपैस महागड्या केबिनला, तर रिफंडेबल पर्याय सहसा नसतोच, म्हणून "आईबाबांसाठी मोठी खोली घेऊ" म्हणणाऱ्यांनी आणखी जपावं.

समजा सहा जणांचं कुटुंब आहे, माणशी 250 डॉलर डिपॉझिट. पंधराशे डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. मुलाला रजा मिळाली नाही म्हणून सफर आठवडाभर पुढे ढकलली, की सहाशे डॉलर बदलाचे, शिवाय नव्या तारखेचा त्या दिवशी जो दर असेल तो. जुना दर सोबत येत नाही. स्वस्त दरात वाचले होते त्याच्या कितीतरी पट इथे जातात.

आता कंपनीची बाजू. ती लबाडच आहे असं मी म्हणणार नाही. केबिन दोन माणसांची धरून हिशोब करतात, आणि तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुलं असतात म्हणून मोठ्या कंपन्यांची जहाजं कागदावर शंभर टक्क्यांहून जास्त भरून निघतात. जहाज धक्क्यावरून सुटलं की रिकाम्या केबिनचं पुढे काही करता येत नाही. भाडं तर बुडतंच, वर त्या केबिनमधल्या माणसांनी बारमध्ये, स्पामध्ये, कॅसिनोत, किनाऱ्यावरच्या सहलींत जो खर्च केला असता तोही बुडतो. तीन महिने आधी कळलं तर केबिन पुन्हा विकता येते, तीन दिवस आधी कळलं तर नाही. शिडी यातून आली आहे आणि ती मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती शिडी न दाखवता पैसे घेणाऱ्यांबद्दल.

कारण आपल्याकडे दोन शिड्या असतात. एक जहाज कंपनीची, दुसरी टूरवाल्याची. टूरवाला वीस-तीस केबिन एकदम उचलतो, ग्रुप दराने, आणि त्या दराच्या अटी कंपनीच्या वेबसाइटवर दिसणाऱ्या अटींपेक्षा कडक असू शकतात. त्यावर तो स्वतःची कापणी लावतो. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला इथल्याच एका टूरवाल्याने पावती दिली, तिच्यावर एवढंच: 'क्रूझ ॲडव्हान्स'. ना जहाजाचं नाव, ना केबिनचा प्रकार, ना रद्द करण्याच्या अटी. काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि जाणं रद्द झालं, तेव्हा व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, त्यात चौथ्या पानावर सगळं होतं. पैसे घेतल्यानंतर आलेल्या कागदाला मी अट म्हणत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी अटींचा कागद मागायचा, आणि डिपॉझिट भरल्यावर कंपनीचा बुकिंग नंबर. टूरवाल्याचा नव्हे, जहाज कंपनीचा. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायचा. नंबर "दोन दिवसांत देतो" म्हणाला तर आपणही पैसे दोन दिवसांत द्यावेत.

आता व्हिसा, कारण सगळ्यात मोठे पैसे इथेच बुडताना मी पाहते. कागदपत्रं अपुरी म्हणून चढू दिलं नाही, तर कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पूर्ण भाडं गेलं. सिएटलहून अलास्काला जाणारं जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. हौस म्हणून नाही. अमेरिकेचा 1886 चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांतून प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि बहुतेक मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याचीच. परिणामी आपल्या आईबाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी कॅनडाचा व्हिसा लागतो, व्हिक्टोरियाला खाली उतरायचं नसलं तरीही. मुलगा-सून तिकडचे नागरिक असतात, त्यांना लागत नाही, म्हणून त्यांच्या डोक्यातही येत नाही. सिंगापूरचं तसंच: जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पंचाईत. व्हिसा नाकारला गेला हे कारण रिफंडसाठी चालत नाही, आणि बहुतेक विमा पॉलिसींतही नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या ट्रॅव्हल पॉलिसीत प्रवास रद्द झाल्याचं संरक्षण असतं, पण ठरावीक कारणांसाठी: मृत्यू, इस्पितळात भरती, असं. आधीपासूनचा आजार बहुतेक ठिकाणी वगळलेला. ज्यांना बीपी, शुगर दोन्ही आहे त्यांनी ते वाक्य चष्मा लावून वाचावं. अमेरिकेत राहणाऱ्यांना 'कुठल्याही कारणाने रद्द' अशी पॉलिसी मिळते, ती खर्चाचा काही भाग परत देते, पण पहिलं डिपॉझिट भरल्यावर थोड्या दिवसांतच घ्यावी लागते.

दोघांतला एकच आजारी पडला तर? भाडं दोघांचं धरून केबिन दिलेली असते, म्हणून उरलेल्या एकट्याला जवळजवळ दोघांचंच भाडं पडतं. यावर एक वाट आहे. बहुतेक कंपन्या ठरावीक मुदतीपर्यंत नाव बदलू देतात, केबिनमधलं निदान एक मूळ नाव कायम राहिलं पाहिजे. काकांऐवजी भाचा जाऊ शकतो. दोन्ही नावं बदलायची म्हटली की ते रद्द करून नव्याने बुकिंग धरतात. रद्द करायच्या आधी हा प्रश्न जरूर विचारा.

आता माझ्या जुन्या खात्याचा विषय, म्हणजे पैशांचा प्रवास. डॉलरमध्ये कार्डावर भरलं तर बँकेचा मार्क-अप, म्हणजे विनिमय दरावरचा जादा आकार, लागतो, साधारण दोन ते साडेतीन टक्के, वर त्यावर जीएसटी. रिफंड आला की तो त्या दिवशीच्या दराने रुपयांत येतो आणि मार्क-अप परत येत नाही. म्हणजे 'फुल रिफंड'सुद्धा पूर्ण नसतो. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच वसूल केलेला आयकर, कापतात. ऑक्टोबर 2023 पासून सात लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 20 टक्के असा नियम आला होता, पुढे तो बदलला, तेव्हा चालू दर विचारून घ्या. टूरवाल्याने तो सरकारात भरून टाकला असेल तर 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या जमा कराच्या तक्त्यात, तुमच्या पॅनवर दिसतो आणि विवरणपत्रात मागता येतो. "टीसीएस गेला" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रद्द करण्याच्या शुल्कावरही जीएसटी लागतो, मूळ सेवेचा जो दर तोच. ऑगस्ट 2022 चं परिपत्रक आहे.

आणि कंपनीच बुडाली तर? मुंबईहून 2019 मध्ये सुरू झालेली जलेश क्रूझेस 2020 मध्ये बंद पडली आणि तिचं कर्णिका जहाज आपल्याच अलंगला भंगारात गेलं. गेंटिंग हाँगकाँग 2022 च्या सुरुवातीला कोसळली तेव्हा तिच्या क्रिस्टल आणि ड्रीम या क्रूझ कंपन्याही खाली आल्या. कोविडमध्ये अनेक कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी 125 टक्के क्रेडिट देऊ केलं होतं. पुढे त्याच कंपनीने जाणारच असाल तर हरकत नाही, पण क्रेडिट ही त्या कंपनीने दिलेली चिठ्ठी आहे, कंपनी असेपर्यंत चालणारी. रोख आणि क्रेडिट यांत निवड असेल तर मी रोख घेईन, पंचवीस टक्के सोडून.

भांडायची वेळ आलीच तर काय? तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की वाद अमुक देशातल्या अमुक कोर्टात. हे पोकळ धमकावणं नाही. कार्निव्हलच्या एका जहाजावर मेक्सिकोजवळ श्यूट नावाच्या बाई पाय घसरून पडल्या. त्या राहायच्या वॉशिंग्टन राज्यात, आणि तिकिटावर लिहिलेलं फ्लोरिडाचं कोर्ट. 1991 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तिकिटावरची अट ग्राह्य धरली. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी नेमकं बोट ठेवलं होतं की तिकीट पैसे भरल्यावर हातात येतं, आणि त्याच तिकिटावर परतावा नाही असंही छापलेलं असतं. म्हणजे अट नापसंत करायची सोयच नाही. पण बहुमत दुसरीकडे होतं.

आपल्याकडे निदान टूरवाल्याच्या बाबतीत स्थिती बरी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे आणि झालेल्या नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड लावणं तिच्यात बसतं. जिल्हा ग्राहक आयोगात आता आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. करारच अन्यायकारक ठरवून हवा असेल तर राज्य आयोग, म्हणजे अहमदाबाद. 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलमही सांगतं की करारात आकडा लिहिला म्हणून तो सगळा मिळत नाही, वाजवी तेवढाच मिळतो. सुरुवातीला 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. अटींचा कागद पैशांनंतर आला असेल तर व्हॉट्सॲपवरची तारीख-वेळ जपून ठेवा, चॅट पुसू नका.

आमच्या मंडळाचं सिंगापूरचं अजून ठरतंय. माझा आग्रह रिफंडेबल दराचा आहे, अर्ध्या मंडळींना माणशी पाच-सहा हजार जास्त वाटतात आणि दर रविवारी सेवउसळ खाताना वाद रंगतो. दोन वेगवेगळ्या टूरवाल्यांच्या लेखी अटी मला शेजारी ठेवून दाखवायच्या आहेत. कोणाकडे यंदाच्या बुकिंगचा असा कागद असेल तर नाव आणि नंबर झाकून मेसेंजरवर पाठवा.